राजकारणाचा पहिला तास सेतू केंद्रात भरतो

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: सरकारी धोरणांमुळे तरुणांची राजकीय मूल्यं घडतात असं म्हणतात, पण घर, जात आणि हातातला मोबाइल हेच सगळं ठरवत नाहीत का? आणि धोरणाचा परिणाम वेगळा काढून दाखवायचा असेल, तर तो मोजायचा कसा?

आधी घराचा मुद्दा. अमेरिकेत १९६५ साली शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे पालक यांची एकत्र पाहणी झाली. पक्षाची ओढ घरातून बऱ्यापैकी उतरते, बाकीच्या राजकीय प्रश्नांवरची मतं मात्र फारशी उतरत नाहीत, असं तिच्यात दिसलं. आपल्याकडेही ढोबळमानानं तेच आहे. घरात वर्षानुवर्षं एकाच चिन्हावर शिक्का बसत आला असेल तर मुलाला ते चिन्ह ओळखीचं वाटतं. पण सरकारवर आपला हक्क किती, काम नियमानं होतं की ओळखीनं, चारजणांनी मिळून मागितलं तर काही पदरात पडतं का, याचा अंदाज घरात बसून येत नाही. तो येतो साधारण सतरा ते पंचवीस या वयात, पोरगं पहिल्यांदा स्वतः सरकारसमोर उभं राहतं तेव्हा. धोरणातून काय मिळालं याच्याइतकंच ते कोणाच्या हातून, किती खेपांनी आणि कोणत्या नात्यानं मिळालं, हेही त्याच्या मनात बसतं. तुमच्या प्रकल्पानं हात घालायचा तो इथे.

‘धोरण’ म्हटलं की बहुतेकजण पाठ्यपुस्तकाकडे धावतात. पाठ्यपुस्तकाचा परिणाम होतो, याला चांगला पुरावा आहे. चीनमध्ये २००४ ते २०१० या काळात प्रांताप्रांतानं नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्यामुळे एकाच विद्यापीठात जुनी पुस्तकं शिकलेली आणि नवी पुस्तकं शिकलेली मुलं शेजारीशेजारी सापडली. अर्थशास्त्रज्ञांनी पेकिंग विद्यापीठात त्यांची तुलना केली. नवी पुस्तकं शिकलेल्यांना आपली राज्यव्यवस्था जास्त चांगली वाटत होती आणि खुल्या बाजाराबद्दल त्यांच्या मनात जास्त शंका होती, म्हणजे सरकारला हवं होतं तसंच. पण तिथे पुस्तक, परीक्षा आणि बातम्या एकाच सुरात बोलतात. आपल्याकडे दहावीच्या राज्यशास्त्रात संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष असे धडे आहेत आणि ते वाईट नाहीत. इतिहासासकट सगळा मिळून चाळीस गुणांचा पेपर मार्चमध्ये संपतो. दोन वर्षांनी बारावी झाली की हेच पोरगं फाइल काखेत मारून सेतू केंद्रात, म्हणजे सरकारी दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात, उभं असतं. तिथे जे शिकायला मिळतं त्याला गुण नसतात, पण ते विसरलं जात नाही.

जात वैधता प्रमाणपत्राचंच घ्या. मुलं त्याला नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. महाराष्ट्रात यासाठी २००० चा कायदा आहे (महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३, सन २००१), आणि त्यामागे कुमारी माधुरी पाटील प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निकाल आहे. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो, पण राखीव जागेवरच्या प्रवेशाला तो पुरत नाही. कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, नमुना ३ आणि नमुना १७ ची शपथपत्रं, वंशावळ आणि पुरावे जोडून पडताळणी समितीकडे अर्ज करावा लागतो. पुरावा कधीचा लागतो? अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. पणजोबा शाळेत गेले असतील तर त्यांचा निर्गम उतारा, नाहीतर गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतला गाव नमुना १४. आणि सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर, हे कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिलेलं आहे.

यातून सतरा-अठरा वर्षांचं पोरगं काय शिकतं ते बारकाईनं पाहा. एक, जात ही वडिलांच्या बाजूनं चालते. काकाची, चुलतभावाची व्हॅलिडिटी असेल तर काम सोपं होतं, मामाच्या कागदाचा काही उपयोग नाही. आईनं एकटीनं वाढवलेल्या मुलीला वडिलांच्या भावकीच्या दारात जाऊन झेरॉक्स मागावी लागते. पितृसत्ता म्हणजे काय हे तिला कोणी व्याख्यानातून सांगायला लागत नाही. दोन, आपण कोण आहोत हे सांगण्याचा अधिकार आपल्याकडे नसून दप्तराकडे आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त टिकते, ती म्हणजे मुदतवाढ. शेवटची तारीख जवळ येते, हजारो अर्ज समित्यांकडे पडून असतात, निवेदनं जातात, आणि मुदतवाढ मिळते. गेल्या काही वर्षांत हे इतक्यांदा झालंय की मुलं आता तारखेला तारीख मानतच नाहीत. नियम वाकतो, पण तो मागणाऱ्यांची संख्या बघून वाकतो, हा धडा त्यातून मिळतो. नंतर मोर्चाला जाणारा तरुण हाच असतो आणि त्याला मोर्चा अजिबात अतिरेकी वाटत नाही, अर्जाची पुढची पायरी वाटते.

मराठा आरक्षणाच्या बाबतीत हे मोठ्या प्रमाणावर झालं. २०१८ चा कायदा सोळा टक्क्यांचा होता. उच्च न्यायालयानं जून २०१९ मध्ये तो शिक्षणात बारा आणि नोकरीत तेरा टक्क्यांवर आणला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला, आणि २०२४ मध्ये दहा टक्क्यांचा नवा कायदा आला. दहावी ते पदवी एवढ्या काळात एकाच मुलाचा प्रवर्ग तीनदा बदलला असू शकतो. त्यात २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी वाचणाऱ्या जाणकारांना अचानक भाव आला. ज्या घरांत ‘आपण कुणबी’ हा शब्द कधी निघाला नव्हता, तिथली पोरं पणजोबांच्या नावापुढची दोन अक्षरं मोबाइलवर मोठी करून बघू लागली. आणि तलाठी कार्यालयात त्याच रांगेत उभा असलेला ओबीसी मुलगा आपल्या हिश्श्याचं गणित मांडू लागला. दोघांचीही राजकीय ओळख एका धोरणानं घट्ट केली. कुणाची मागणी बरोबर हा वेगळा वाद आहे, तो इथे नको. मुद्दा एवढाच की ही ओळख जशी आज दिसते तशी ती आधीपासून नव्हती. तिला आकार द्यायला १९६७ ही तारीख आणि एक नमुना पुरला.

फीच्या सवलतीचा धडा वेगळा आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची शिकवणी फी निम्मी माफ होते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, मराठा प्रवर्ग आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ती पूर्ण माफ झाली. फायदा मोठा आहे. पण अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात, आणि ते उशिरा आले की तगादा लावतं कॉलेजचं ऑफिस. म्हणून राग निघतो तो खिडकीमागच्या क्लार्कवर. श्रेय कोणाला आणि दोष कोणाला, हे पैसे कोणत्या वाटेनं आले त्यावर ठरतं, रकमेवर नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत माजी सैनिकांना १९४४ च्या कायद्यानं शिक्षणाचा खर्च मिळाला. ज्यांनी त्याचा लाभ घेतला ते पुढे नागरी संस्थांत आणि राजकारणात जास्त सक्रिय दिसले. तिथे नियम सोपे होते आणि मिळालेलं ‘हक्काचं’ वाटावं अशी वागणूक होती. त्याच देशात गरीब मातांना मदत देणाऱ्या जुन्या योजनेत अधिकारी प्रत्येक खेपेला चौकशी करायचे, आणि त्या लाभार्थी ‘आपलं कोण ऐकतंय’ अशा मनःस्थितीत राजकारणापासून लांब राहायच्या. दोन्हीकडे मदत सरकारचीच होती.

आता जिथे धोरणानं शिकण्याची जागाच काढून घेतली, तिथे वळू. कॉलेजातल्या मारामाऱ्या आणि हिंसेच्या पार्श्वभूमीवर १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठे कायद्यानं खुल्या निवडणुका संपवल्या. त्यानंतर विद्यार्थी परिषदेत प्रत्येक वर्गात पहिला आलेला एकजण, शिवाय खेळ, एनसीसी, एनएसएस आणि सांस्कृतिक विभागाचा एकेक, अशी रचना झाली. बऱ्याच जागा प्राचार्यांच्या पसंतीच्या. या मुलांनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. दंगे कमी झाले हे खरं, आणि ती गोष्ट लहान नाही. पण दोन पिढ्या असं शिकल्या की प्रतिनिधित्व हे चांगल्या गुणांचं बक्षीस असतं आणि ते सरांकडून मिळतं. हरायचं कसं, हरल्यावर जिंकलेल्याबरोबर काम कसं करायचं, मत मागायला परजातीच्या, परगावच्या मुलांच्या टेबलावर कसं बसायचं, हे कॉलेजात शिकायची सोय राहिली नाही. राजकारणाची आवड असलेली पोरं मंडळात, दहीहंडीच्या पथकात, नाहीतर भाऊ-दादांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गेली. तिथे मत मोजत नाहीत, निष्ठा मोजतात.

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं, जो १ मार्च २०१७ पासून लागू झाला, थेट निवडणुका पुन्हा आणल्या: अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक मागास प्रवर्गाचा प्रतिनिधी सगळ्या विद्यार्थ्यांच्या मतांनी. विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या २००६ च्या चौकटीत उमेदवाराला पाच हजारांची खर्चमर्यादा, छापील पोस्टरला बंदी, ७५ टक्के हजेरी असे नियम आधीच होते. २०१९ मध्ये वेळापत्रकही आलं, मग विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकललं गेलं, आणि पुढे कोविड आला. कायद्यात आहे पण होत नाही, असा हा प्रकार. त्याचा परिणाम नुसत्या बंदीपेक्षा वाईट असतो, कारण बंदीविरुद्ध निदान बोलता येतं.

महापालिकांचंही तसंच झालं. मुंबईत फेब्रुवारी २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, आणि मार्च २०२२ पासून मधल्या काळात प्रशासक होते. मार्च २०१७ मध्ये अठरा पूर्ण झालेल्या मुलीला पहिल्यांदा नगरसेवक निवडायला मिळाला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मतदार नोंदणी मात्र आता वर्षातून चार तारखांना होते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की नोंदणीचा अर्ज, नमुना ६, आगाऊ भरता येतो. म्हणजे यादीत नाव घालणं सोपं केलं आणि मत द्यायची जागा बंद ठेवली. या वयोगटाला ‘उदासीन’ म्हणणाऱ्यांनी आधी ही आठ-नऊ वर्षं मोजावीत.

स्पर्धा परीक्षेचं धोरण याच्या अगदी उलट वागतं. ते तरुणांना वर्षानुवर्षं सरकारच्या दारात बसवून ठेवतं. राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची कमाल वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. पुण्यात सदाशिव पेठ-नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून बसलेल्या पोरांचं राजकारण एका शब्दात सांगायचं तर ‘तारीख’. जाहिरात कधी, परीक्षा कधी, निकाल कधी, नियुक्ती कधी. २०२३ च्या सुरुवातीला वर्णनात्मक (पर्याय न निवडता उत्तरं लिहायच्या) पद्धतीविरुद्ध पुण्यात आंदोलन झालं आणि आयोगानं ती २०२५ पासून लागू करायचं ठरवलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, पोरं पुन्हा रस्त्यावर बसली, परीक्षा पुढे गेली. दोन्ही वेळा मागणी सगळी प्रक्रियेची होती. पदं इतकी कमी का, कंत्राटी भरती का, हे प्रश्न निघत नाहीत असं नाही, पण ते मागे पडतात. अभ्यासिकेतल्या न्यायाच्या कल्पनेत सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ आणि चुकीच्या उत्तरावर हरकत घ्यायची सोय असते. ही कल्पना चांगली आहे, पण अरुंद आहे.

आणि ती मोडते कशी तेही बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांना दहा लाखांवर अर्ज आले. फी खुल्या गटाला हजार, राखीवला नऊशे. एवढ्या लोकांची परीक्षा एका वेळी घेता येत नाही, म्हणून अनेक सत्रं झाली. सत्रांची काठिण्यपातळी वेगवेगळी असते, म्हणून गुणांचं सामान्यीकरण केलं, म्हणजे सूत्रानं ते एका पातळीवर आणले, आणि २०० गुणांच्या परीक्षेत काहींचे गुण २०० च्या वर गेले. गणिताच्या दृष्टीनं हे होऊ शकतं. अवघड सत्रात कोणी फार वर असेल तर सूत्र त्याला कमाल गुणांच्या पुढे नेतं. पण हे मुलांना आधी नीट समजावलेलं नव्हतं. ज्यानं नऊशे रुपये भरले आणि वर्ष घातलं, त्याला ‘२०० पैकी २०० हून जास्त’ हे आकडे घोटाळाच वाटणार. अशा एका निकालानं जेवढा अविश्वास पेरला जातो, तेवढा कुठल्याही विरोधी पक्षाला भाषणं करून पेरता येत नाही.

नव्या योजनांपैकी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेकडे लक्ष ठेवा. २०२४ मध्ये आलेल्या या योजनेत १८ ते ३५ वयाच्या तरुणांना सहा महिने आस्थापनेत प्रशिक्षण आणि महिना सहा, आठ किंवा दहा हजारांचं विद्यावेतन होतं, शिक्षण बारावी, आयटीआय-पदविका की पदवी त्याप्रमाणे. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली. प्रशिक्षणार्थींनी संघटना केल्या आणि कायम करा म्हणून आंदोलनं केली. सरकारच्या कागदावर ते शिकाऊ होते, स्वतःच्या नजरेत ते सरकारी कार्यालयात रोज सही करणारे कर्मचारी झाले. धोरणानं लोकांना एक नाव दिलं की ते त्या नावानं एकत्र येतात. याला कट वगैरे म्हणायची गरज नाही, कुठल्याही योजनेत हे होतंच.

सगळंच निराशेचं नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ४९५ गावांत पंचायतीतल्या महिला आरक्षणाचा अभ्यास झाला. जिथे सरपंचपद दोन फेऱ्यांत महिलांसाठी राखीव होतं, तिथे आईवडिलांच्या मुला-मुलींकडून असलेल्या अपेक्षांमधलं अंतर कमी झालं, आणि किशोरवयीन मुलींच्या शिक्षणात मुलांच्या मागे राहणं जवळपास संपलं. एका फेरीत एवढं झालं नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, तेव्हा हा धागा तुम्हाला इथे पकडता येईल. फक्त कारभार ‘सरपंचपती’ बघतो की बाई स्वतः, हे गावागणिक नोंदवा, नाहीतर सरासरीत सगळं बुडेल.

आता मोजण्याचं. पहिली चूक प्रश्नातच होते. ‘लोकशाहीवर विश्वास आहे का?’ असं विचारलं की शंभरातले नव्वदजण हो म्हणतील आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. त्याऐवजी वागणुकीचा प्रश्न विचारा: ‘तुमचा अर्ज त्रुटीत पडला तर पहिला फोन कोणाला लावाल?’ पर्याय द्या: कोणालाच नाही, स्वतः पोर्टलवर बघेन, एजंट, कॉलेजचं ऑफिस, गावातला कार्यकर्ता, नगरसेवक किंवा आमदाराचं कार्यालय, जातीची संघटना. या एका प्रश्नातून राज्याशी असलेलं नातं दहा मतप्रश्नांपेक्षा जास्त कळतं.

दुसरी चूक तुलनेत. लाभ मिळालेले आणि न मिळालेले यांची सरळ तुलना करू नका, कारण लाभ मिळवणारे आधीच जास्त जाणते असू शकतात. नियमानं आखलेली रेघ शोधा. थेट निवडल्या जाणाऱ्या सरपंचासाठी १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी उत्तीर्णची अट आहे. अशा रेघेच्या दोन्ही बाजूंची माणसं बाकी सारखी असतात. आठ लाखांची उत्पन्नमर्यादा मात्र रेघ म्हणून वापरू नका. तहसीलदाराच्या दाखल्यावरची उत्पन्नं त्या मर्यादेच्या जरा खालीच गर्दी करतात, आणि ती का हे सगळ्यांना ठाऊक आहे. फीमाफीसाठी एकाच वर्गातल्या, एकाच प्रवर्गातल्या मुली आणि मुलगे घ्या, आणि २०२४ च्या आधीचा त्यांच्यातला फरक वजा करा.

संख्येचा हिशेब आधीच करा. शंभरजणांच्या गटात पन्नास टक्के आले, तर खरा आकडा चाळीस ते साठमध्ये कुठेही असू शकतो. पन्नास आणि साठ टक्क्यांतला फरक खात्रीनं पकडायचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे ३९० जण लागतात. एका अभ्यासिकेतले दोनशे म्हणजे दोनशे नव्हेत, ते दिवसभर एकमेकांशीच बोलतात. वीस ठिकाणचे दहा-दहा घ्या. वयाचा परिणाम, पिढीचा परिणाम आणि त्या वर्षीच्या घडामोडीचा परिणाम एका पाहणीतून वेगळे करता येत नाहीत, म्हणून निदान दोन वर्षांच्या तुकड्या हव्यात.

प्रश्नावली वर्गात, शिक्षकांसमोर भरून घेऊ नका आणि जातीचा रकाना शेवटच्या पानावर ठेवा. तो पहिल्या पानावर असला की पुढची सगळी उत्तरं त्या रकान्यातून यायला लागतात. पाहणी ऑगस्टनंतर करा. जून-जुलैमध्ये कॅप राउंड (केंद्रीय प्रवेशफेऱ्या) चालू असताना विचारलं, तर तुम्हाला राजकीय मूल्यं मिळणार नाहीत, सर्व्हर बंद असल्याची तक्रार मिळेल. ती मात्र वेगळ्या वहीत लिहून ठेवा, तारीख आणि वेळेसकट.